साडूंच्या तीन टाक्या

अमेरिकेत हिवाळ्यात पक्षी बघायला निघायचं, तर लागणाऱ्या सामानात दुर्बीण चौथ्या क्रमांकावर येते. पहिल्या तीन क्रमांकांवर टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक करड्या पाण्याची आणि एक काळ्या पाण्याची. करडं म्हणजे मोरीतलं आणि बेसिनमधलं. काळं म्हणजे काय, ते वाचकांच्या लक्षात आलं असेल. आमचे साडू अशा तीन टाक्यांचे मालक आहेत. टाक्यांभोवती अठ्ठावीस फुटांचं एक घर आहे, घराला सहा चाकं, एक इंजिन, दोन पलंग आणि एक शेगडी आहे. पण ते सगळं आनुषंगिक.

या चाकांवरच्या घराला तिकडे आरव्ही म्हणतात. साडू मिशिगनमध्ये एका मोटारकंपनीत इंजिनीअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही आरव्ही सेकंडहँड घेतली, आणि आम्ही उभयता पुण्याहून तिकडे गेलो असताना ताईंनी, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीने, जाहीर केलं की यंदा चौघांनी फ्लोरिडाच्या पाणथळींत पक्षी बघायचे. साडूंना पक्ष्यांत रस नव्हता, मला ड्रायव्हिंगमध्ये नव्हता. दोघी बहिणींना टाक्यांत अजिबात रस नव्हता. कामाची वाटणी त्यामुळे आपोआप झाली. पक्षी त्यांच्याकडे, पाणी आमच्याकडे.

उत्तरेची थंडी टाळून दक्षिणेला जाणाऱ्या निवृत्त मंडळींना तिथे ‘स्नोबर्ड’च म्हणतात, आणि त्यांचे मार्ग बदकांच्या मार्गांइतकेच ठरलेले असतात. आय-७५ हा हमरस्ता मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, कॅनडाच्या सीमेवर सुरू होतो आणि फ्लोरिडात संपतो. म्हणून मिशिगन-ओहायोची म्हातारी माणसं फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याला जाऊन लागतात. न्यूयॉर्क-न्यू जर्सीवाले आय-९५ धरतात, ते पूर्व किनाऱ्याला. शास्त्रज्ञांना पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून जे शोधावं लागतं, ते इथे नंबरप्लेटवर लिहिलेलं असतं.

मिशिगनमधून निघताना मात्र घरात पाणी भरता येत नाही. गोठतं आणि पाइप फुटतात. त्यामुळे थंडी सुरू होण्याआधीच सगळ्या नळ्यांतून गुलाबी अँटिफ्रीझ खेळवून ठेवतात. परिणामी ओहायो, केंटकी आणि टेनेसी ही तीन राज्यं आम्ही नळ, शॉवर आणि संडास असलेल्या घरातून, पण तांब्याभर पाण्याच्या हिशेबाने पार केली. जॉर्जियात हवा ऊबदार झाली तेव्हा साडूंनी गाडी थांबवून पाइप धुतले, टाकी भरली आणि नळ सोडला. पहिल्यांदा गुलाबी पाणी आलं, मग फिकट गुलाबी, मग पांढरं. दोघी बहिणींनी टाळ्या वाजवल्या. पुण्यात दर उन्हाळ्यात पाणीकपात सोसलेल्या माणसाला नळाला पाणी आल्याचा आनंद परदेशातही त्याच प्रतीचा होतो, हे मला तिथे कळलं.

टाकी किती भरली हे सांगायला भिंतीवर दिव्यांची पट्टी असते. रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, पूर्ण. काळ्या टाकीचा दिवा कायम दोन तृतीयांशावर असतो. टाकी आत्ताच रिकामी केली असली तरी. आतल्या सेन्सरला कागद चिकटून बसतो आणि तो बिचारा शेवटपर्यंत तेच सांगत राहतो. अमेरिकेतल्या कुठल्याही कॅम्पग्राउंडवर दोन अनोळखी पुरुष गप्पा मारताना दिसले, तर ते निवडणुकीबद्दल बोलत नसतात. या दिव्याबद्दल बोलत असतात. भारतीय माणूस इथे वेगळीच अडचण उभी करतो. तो कागदापेक्षा पाणी वापरतो. त्यामुळे सेन्सर स्वच्छ राहतो, दिवा खरं बोलतो, पण टाकी निम्म्या वेळात भरते. साडूंनी यावर एक तक्ता केला होता. माणशी, दिवसागणिक. तो त्यांनी फ्रिजवर चुंबकाने लावला, आणि हिने तो पहिल्याच संध्याकाळी काढून टाकला.

विजेचंही तसंच. गाडीला तीस अँपिअरचं कनेक्शन. हीटर आणि मायक्रोवेव्ह चालू असताना कुणी पाण्याची इलेक्ट्रिक किटली लावली, की फट्‌कन अंधार. शेजारच्या चाळीस फुटी बसमध्ये पन्नास अँपिअर होते आणि त्या घरातली माणसं एकाच वेळी एसी लावत, कपडे धूत आणि टीव्ही बघत. आम्ही भारनियमनात संसार केलेली माणसं. ‘‘चहा होईपर्यंत हीटर बंद’’ हा ठराव एकमताने मंजूर व्हायला आम्हाला चर्चा लागली नाही.

तर पक्षी. पहिला मुक्काम फोर्ट मायर्सजवळ, सॅनिबेल बेटावरच्या ‘डिंग डार्लिंग’ अभयारण्यासाठी. हे नाव ऐकून मला वाटलं होतं की एखाद्या लाडक्या कुत्र्याचं असेल. निघालं माणसाचं. जे नॉरवूड डार्लिंग हा आयोवामधला वर्तमानपत्री व्यंगचित्रकार, ‘डिंग’ ही त्याची सही. १९२४ आणि १९४३ अशी दोनदा पुलित्झर मिळवलेला माणूस. हा पक्का रिपब्लिकन, आणि राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट डेमोक्रॅट. डार्लिंग त्यांच्यावर चित्रांतून कोरडे ओढत असे. रूझवेल्टनी १९३४ साली काय केलं, तर त्यालाच वन्यजीवांच्या सरकारी खात्याचा प्रमुख नेमलं. आपल्याकडे व्यंगचित्रकाराला सरकार बोलावतं तेव्हा हेतू सहसा निराळा असतो.

डार्लिंगने खात्यात दीडेक वर्ष काढलं. त्या वेळी कायदा झाला होता, की पाणपक्ष्यांची शिकार करायची तर एक डॉलरचं तिकीट विकत घ्यायचं आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी राखायच्या. पहिल्या तिकिटावर बदकांची जोडी पाण्यात उतरते आहे, ते चित्र त्यानेच काढलेलं. अभयारण्याच्या पाटीवर उडणारा निळा हंस असतो, तोही त्याचाच. हे बदकतिकीट आजही निघतं, किंमत आता २५ डॉलर आहे, आणि शिकार न करणारे पक्षीवेडेही ते हौसेने घेतात. ज्याच्या मनात बदक मारायचं आहे त्याच्याचकडून बदकाच्या घराचं भाडं वसूल करायचं, ही युक्ती व्यंगचित्रकाराला शोभेल अशीच. 

अभयारण्यात चार मैलांचा एकेरी रस्ता आहे, शुक्रवारी बंद असतो. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्या चिखलात गुलाबी चमचे, म्हणजे त्या नावाचे पक्षी, चरतात. आपल्याकडचा चमचा पांढरा, हा मात्र अंगभर गुलाबी. खातो त्या कोळंब्या-झिंग्यांतल्या रंगद्रव्यामुळे. ताईंच्या फोनवर मर्लिन नावाचं ॲप होतं, ते आवाज ऐकून पक्षी सांगतं. आमच्या हिच्याकडे मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’. एकीकडून इंग्रजी नाव यायचं, दुसरीकडून मराठी भाऊबंद. ‘ब्लॅक-नेक्ड स्टिल्ट’ म्हटलं की ‘‘शेकाट्या गं’’. ‘अँहिंगा’ म्हटलं की ‘‘आपला तिरंदाज’’. अमेरिकन कूट नावाचा काळा पक्षी शेकड्यांनी पोहत होता. कपाळ पांढरं, वर छोटासा गडद टिळा. तिथले पक्षीनिरीक्षक त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, दुर्बीण त्याच्यावरून सरळ पुढे सरकवतात. हिने मात्र हात जोडले. कारण त्याच्या भावंडाला मराठीत वारकरी म्हणतात.

गायबगळेही दिसले. हा पक्षी आफ्रिकेतून स्वतःच्या पंखांनी अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोचला आणि १९४०च्या सुमारास फ्लोरिडात. कुणी आणला नाही, कुणी बोलावला नाही. गाई दिसल्या आणि राहिला.

तिथून तामियामी रस्त्याने आम्ही एव्हरग्लेड्सकडे वळलो. या भागाला लोक दलदल समजतात, खरं म्हणजे ती नदी आहे. पन्नास-साठ मैल रुंद, बहुतेक ठिकाणी गुडघाभरही खोल नाही, वर सगळं गवत. उतार मैलामागे जेमतेम दोन इंच. ओकीचोबी तळ्यातलं पाणी समुद्राला मिळायला काही महिने घेतं, कारण त्याला कसलीच घाई नाही. नॅशनल पार्कच्या मुख्य रस्त्यावर ‘रॉक रीफ पास’ अशी पाटी लागते. पास म्हणजे खिंड. खाली लिहिलंय, उंची तीन फूट. आम्ही बोरघाटात वाढलेली माणसं. साडूंनी तरीही गिअर बदलल्याचा अभिनय केला.

या नदीचा निचरा करून शेती करायची, या आश्वासनावर एक गव्हर्नर १९०४ साली निवडून आला होता. त्याचं नाव नेपोलियन बोनापार्ट ब्रोवर्ड. आईबापांनी असं नाव ठेवलं की माणूस गप्प बसत नाही. पाणी उताराकडे वाहतं, कालवे खणा की झालं, असं त्याचं साधं शास्त्र. कालवे खणले, पुढच्यांनी आणखी खणले, १९२८ साली तामियामी रस्ताच बांधासारखा आडवा घातला. दक्षिणेकडचं पाणी आटलं आणि पाण्याबरोबर पक्षी. १९४७ साली उरलेल्या तुकड्याचं नॅशनल पार्क झालं. मग २००० साली अमेरिकन काँग्रेसने पाणी पुन्हा पूर्वीसारखं वाहतं करायचा कायदा केला. मूळ अंदाज ७.८ अब्ज डॉलर. तो केव्हाच मागे पडला. आपल्या जलसंपदा खात्यात वाढत्या आकड्याला सुधारित प्रशासकीय मान्यता म्हणतात, लाडाने ‘सुप्रमा’. तिथे अजून एवढा आटोपशीर शब्द सापडलेला नाही. तामियामी रस्त्याचा काही भाग मात्र त्यांनी खरोखर उचलून पुलांवर घेतलाय, टप्प्याटप्प्याने, आणि खालून पाणी जातं.

पाण्याच्या पातळीचं एवढं काय, ते वुड स्टॉर्क या टकल्या करकोच्याने समजावलं. आपल्याकडे पाऊस पडला, पाणी वाढलं की बगळ्या-करकोच्यांच्या विणीला जोर येतो. इथे उलटं. नोव्हेंबरपासून पाणी ओसरायला लागतं, मासे डबक्यांत कोंडले जातात, आणि त्या गर्दीत करकोचा चोच उघडी ठेवून नुसता उभा राहतो. तो माशाला बघत नाही. मासा चोचीला लागला, की चोच मिटते. सेकंदाचा चाळिसावा भाग. मध्येच अवकाळी पाऊस आला, पाणी वर चढलं, की मासे पांगतात आणि करकोचे घरट्यातली पिल्लं सोडून निघून जातात. हे वाचून दाखवल्यावर साडू पहिल्यांदा दुर्बीण मागून घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे याचंही सगळं लेव्हलवरच आहे.’’ त्या दिवसापासून ते पक्षीनिरीक्षक झाले असं ताई मानतात.

पार्कातल्या रॉयल पामच्या वाहनतळावर एक लाकडी पेटी आहे. त्यात ताडपत्र्या आणि हुकाचे रबरी पट्टे. काळी गिधाडं गाड्यांचे वायपर आणि खिडक्यांचे रबर कुरतडून खातात, म्हणून गाडी झाका आणि मग पायवाटेला जा, अशी सूचना. रबरात त्यांना काय गोड लागतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. अठ्ठावीस फुटी घराला ती ताडपत्री म्हणजे टोपी. आम्ही दोघांनी वायपर तेवढे गुंडाळले आणि साडू पहारा द्यायला खाली खुर्ची टाकून बसले. समोर छतावर चार गिधाडं, खाली हे. मला हसू यायच्या ऐवजी वेगळंच आठवलं. लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की गिधाडांनी आभाळ भरायचं. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने ती मेली; २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली तोवर बहुतेक उरली नव्हती. आता महाराष्ट्रात गिधाड बघायला माणसं गाडी करून जातात. इथे गिधाडं गाडी बघायला येतात.

रस्त्याच्या शेवटी समुद्रकाठी फ्लेमिंगो नावाची वस्ती आहे. तिथे फ्लेमिंगो नसतात. क्वचित एखादा आला तर बातमी होते. २०२३ साली इडालिया वादळाने थोडे उडवून आणले, तेव्हा सबंध फ्लोरिडात लोक कॅमेरे घेऊन धावले. इथे हिला राहवलं नाही. ताईंना तिने सांगितलं, की वाशीच्या पुलावरून लोकल जाते तेव्हा जानेवारीत खाडीत हजारोंनी उभे असतात आणि डब्यातला कुणी मोबाइलवरून मान वर करत नाही. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली रामसर यादीत नाव लागलं. ताई चाळीस वर्षं मिशिगनमध्ये आहेत. ‘‘म्हणजे मी उगाच आले,’’ एवढंच म्हणाल्या.

फ्लेमिंगोत आणखी एक गोष्ट आहे. गाय ब्रॅडली नावाच्या माणसाची स्मृती. १८८६ साली फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बायकांच्या टोप्या मोजल्या होत्या. ७०० टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसं, चाळीस जातींची. पक्षीनिरीक्षणाची ही पद्धत मला फार सोयीची वाटते, पण अशा टोप्यांसाठी इथले बगळेही मारले जायचे, आणि त्यांची पिसं वजनाला सोन्याहून महाग. पिल्लं घरट्यात असताना पिसारा सर्वांत देखणा असतो, म्हणून शिकारी नेमके तेव्हाच यायचे. राखणदार नेमलेल्या ब्रॅडलीला १९०५ साली त्यांतल्याच एकाने गोळी घातली. गोळी घालणाऱ्यावर खटलासुद्धा उभा राहिला नाही. आज आपण बगळ्याला रस्त्यावरचा पक्षी समजतो, यामागे टोप्यांची फॅशन संपली हे मोठं कारण आहे.

कॅम्पग्राउंडवर साडूंचा सीनिअर पास चालला. बासष्ट वर्षं पूर्ण, ऐंशी डॉलर भरा, आयुष्यभर राष्ट्रीय उद्यानं मोकळी आणि तंबू-गाडी लावायचं भाडं निम्मं. साडूंनी अमेरिकेत मिळवलेल्या कागदपत्रांत नागरिकत्वाच्या दाखल्यानंतर याचा नंबर. तिथे डासमापक पाटीही आहे. काटा ‘सुखद’पासून सुरू होतो आणि ‘हिस्टेरिकल’वर संपतो. हिवाळ्यात काटा खालच्या अंगाला असतो. उन्हाळ्यात जे जातात त्यांच्याबद्दल मला आदर आहे, मत्सर नाही.

पण या प्रवासातली सर्वांत भारी जागा राष्ट्रीय उद्यानात नव्हती. ती पूर्व किनाऱ्यावर, डेलरे बीच गावात, सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला लागून आहे. वाकोडाहॅची पाणथळ. तिथे पूर्वी नुसती केंद्राची तळी होती. पाम बीच काउंटीच्या पाणीपुरवठा खात्याने शुद्ध केलेलं सांडपाणी सुमारे पन्नास एकरांत खेळवलं, लव्हाळी लावली, बेटं केली, पाऊण मैल लाकडी पायवाट बांधली. रोज लाखो गॅलन पाणी तिथून आणखी निवळून जातं. १९९६ साली लोकांसाठी उघडलं, आणि पक्ष्यांनी ते घर म्हणून ताब्यात घेतलं. एव्हरग्लेड्सच्या अफाट गवतात ज्या करकोच्यासाठी आम्ही मान उंचावत होतो, तो इथे कठड्यापासून हातभर अंतरावर काड्या रचत बसला होता.

साडू तिथे वेगळ्याच माणसासारखे वागले. कुठून पाणी येतं, कुठे जातं, पंप किती, वनस्पती कुठल्या, त्यांनी प्रत्येक पाटी वाचली. बायका पक्षी दाखवत होत्या आणि ते इनलेट शोधत होते. मी समजू शकत होतो. माणूस पंधरवडाभर ज्याच्यापासून सुटका करून घेतो, तेच पुढे जाऊन करकोच्याचा बंगला होतं, हे इंजिनीअरला भावनाविवश करणारंच आहे.

आणि तिथेच लव्हाळ्यातून ती आली. निळी-जांभळी, लाल चोच, लाल पाय, शेपटी उडवत. ताईंच्या फोनने काही सांगायच्या आत ही ओरडली, ‘‘अगं, ही तर पाषाणची!’’ जांभळी पाणकोंबडी. पाषाण तलावावर बघितलेली, राखी डोक्याची, अस्सल आपल्याकडची. १९९६च्या सुमारास पेंब्रोक पाइन्स भागात पाळलेल्यांतून सुटून ती फ्लोरिडात पसरली. सरकारने २००६पासून दोनेक वर्षं तीन हजारांवर मारल्या. संपेचनात. मग नाद सोडला, आणि २०१३ साली अमेरिकन बर्डिंग असोसिएशनने तिला आपल्या अधिकृत यादीत घेतलं. साडूंनी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाले, ‘‘सतरा वर्षं! मला ग्रीन कार्ड लवकर मिळालं म्हणायचं.’’

पुण्यात आम्हीही सांडपाण्यावरच पक्षी बघतो. लोणी काळभोरजवळ कवडीपाटला मुळा-मुठेचं पाणी फेसाळत उतरतं, थंडीत तिथे परदेशी बदकं येतात, आणि आम्ही एका हाताने दुर्बीण आणि दुसऱ्याने नाकाला रुमाल धरतो. फरक एवढाच, की आमचं बरंचसं पाणी केंद्रातून न जाता थेट येतं. पालिकेतल्या कुणाला अभ्यासदौऱ्यावर परदेशी जायचंच असेल, तर पॅरिसऐवजी डेलरे बीचला जावं. समुद्रकिनारा तिथेही आहे, कुटुंबाची तक्रार येणार नाही.

तुम्हाला जायचं असेल तर जानेवारी ते मार्च हा काळ धरा. पाणी उतरलेलं असतं, डास कमी, पक्षी एका जागी. वाकोडाहॅचीला सकाळी लवकर जा, वाहनतळ भरतो, आणि मोठी गाडी तिकडे नेऊच नका. आरव्ही भाड्याने घेतलीत तर भिंतीवरच्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. आणि टाक्या सोडताना आधी काळी सोडा, मग करडी. म्हणजे मोरीच्या पाण्याने नळी धुऊन निघते. उलट क्रमाने केलंत तर नळी तशीच गुंडाळून घरी आणावी लागते.